घड्याळ घडवून घ्यायचंय: आतलं यंत्र ६४९८ की ७००१? आणि करारात काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

स्वतंत्रपणे घड्याळं घडवणाऱ्या एका कारागिराकडून चावीचं मनगटी घड्याळ बनवून घेतोय. मागणी साधी आहे: पांढरी तबकडी, तापवून निळे केलेले काटे (रंगवलेले नकोत), तारीख नको, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा आणि केस (घड्याळाची बाहेरची पेटी) ३७ मिमीच्या आसपास. मनगट बारीक आहे. मोठं घड्याळ थाळी बांधल्यासारखं दिसतं.

घोडं अडलंय ते मूव्हमेंटपाशी, म्हणजे आतल्या यंत्रापाशी. कारागिराचा आग्रह ईटीए या स्विस कंपनीच्या ६४९८ चा. मुळात खिशातल्या घड्याळाचं यंत्र, त्यामुळे ब्रिज (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) मोठे, कोरीवकामाला आणि कडा घासून चमकवायला ऐसपैस जागा. शिवाय जाणत्या कुठल्याही घड्याळजीला ते उघडता येतं. सगळं पटतं, पण व्यास ३६.६ मिमी! वर केसची जाडी धरली की ४० च्या आत बसणं अवघडच.

दुसरा पर्याय ७००१. व्यास २३.३, जाडी जेमतेम २.५ मिमी. इथे उलटी पंचाईत: सेकंदकाटा मध्याच्या फार जवळ येतो आणि ३७ च्या तबकडीत त्याच्याखाली उगाच रिकामी जागा उरते. आराखड्यात ते डोळ्यांना खुपलंच. ३५ वर आलात तर तोल साधेल, असं कारागीर म्हणतात. ३५ मिमीचं कुणी रोज वापरतं का? (ऑटोमॅटिक सुचवू नका, चावी द्यायचीच हौस आहे.)

आता व्यवहार. अर्धे पैसे आगाऊ, बाकीचे घड्याळ देताना, मुदत ‘साधारण वर्षभर’. त्यांचं काम पाहिलंय, माणूस सचोटीचा वाटतो. तरी आराखडा पक्का झाल्यावर, केस-तबकडी तयार झाल्यावर आणि शेवटी चाल तपासून झाल्यावर, असे हप्ते मागावेत असं मला वाटतं. चाल किती स्थितींमध्ये (आडवं, उभं असं ठेवून) तपासणार आणि कोणते भाग स्वतः करणार, कोणते विकत आणणार, हेही लेखी हवं.

खरी धास्ती वेगळीच. एकट्याचा कारखाना, उद्या त्यांनी काम थांबवलं तर? मूव्हमेंटचं निभेल, पण काच, काटे, केसचं मागचं झाकण यांची मापं दुसऱ्या कुणाकडे असणार? म्हणून घड्याळासोबत केसचे आराखडे आणि काट्यांचा एक जादा जोड मागायचा विचार आहे. आराखडे मागणं कारागिराला अपमानास्पद वाटतं का? असं घड्याळ करवून घेतलेल्यांनी हा विषय कसा काढला, तेवढं सांगा.