‘क्लॉकची दुरुस्ती’ म्हणावे की ‘भरपाई’?

प्रश्न :
एका तांत्रिक टिपणाचे मराठीकरण करताना पुढील शब्दांपाशी अडलो आहे : ‘वार्धक्यामुळे विकृत झालेल्या घड्याळ-संकेताची दुरुस्ती करणारा परिपथ.’ शब्दशः पाहता यात चूक काढता येत नाही, पण वाचताना एखादे खंगलेले भिंतीवरचे घड्याळ डोळ्यांपुढे उभे राहते. चिपमधील ट्रान्झिस्टर जुने झाले की क्लॉकच्या लहरीचे रूप बिघडते आणि दुसरा एक परिपथ ते सावरतो, एवढेच मला सांगायचे आहे. घड्याळ, विकृत, वार्धक्य आणि दुरुस्ती यांच्या जागी आपण कोणते शब्द वापराल?

पहिले उत्तर :
‘घड्याळ’ आधी काढून टाकावे. घड्याळ वेळ सांगते. हा संकेत कोणालाच वेळ सांगत नाही, तो केवळ ठेका धरतो आणि बाकीचे परिपथ त्या ठेक्यावर पावले टाकतात. ‘कालस्पंद’ हा शब्द मला आवडतो, परंतु या क्षेत्रातील माणसे दिवसभर ‘क्लॉक’च म्हणत असल्यामुळे टिपणातही तोच ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल.

‘विकृत’ही नको. विकृती मनाची किंवा शरीराची असते, विपर्यास बोलण्याचा होतो. लहरीला ‘विरूपण’ शोभते. मात्र नेमके काय विरूप झाले हे सांगितल्याखेरीज हा शब्द पोकळच राहतो. समजा, क्लॉकची वारंवारता १ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे एक आवर्तन १,००० पिकोसेकंदांचे आहे आणि त्यात संकेत ५०० पिकोसेकंद उच्च, तर ५०० पिकोसेकंद नीच पातळीवर राहतो. आता चढती कड (नीचवरून उच्चवर जाण्याचा क्षण) वेळेवर आली आणि उतरती कड (उच्चवरून नीचवर येण्याचा क्षण) २० पिकोसेकंद रेंगाळली, तर उच्चकाल ५२० आणि नीचकाल ४८० होतो. आवर्तन तेवढेच राहते, वारंवारताही तीच राहते. बदलते ते ड्यूटी सायकल, म्हणजे आवर्तनातील उच्चकालाचे प्रमाण, जे ५० टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर जाते. म्हणून ‘क्लॉक मंदावतो’ असे कोठेही लिहू नये. ही चूक मी जाणकारांच्या लेखनातही पाहिली आहे. संगणकातील डीडीआर स्मृतीसारखे जे परिपथ दोन्ही कडांवर काम करतात, त्यांना हे २० पिकोसेकंद लगेच जाणवतात, कारण त्यांच्या वाट्याचे एक अर्धे आवर्तन तेवढ्याने आखडते.

दुसरे उत्तर :
वरील विवेचनाशी सहमत आहे, पण अवघड शब्द ‘वार्धक्य’ आहे. ‘झीज’ हा सहज सुचणारा पर्याय. तथापि झिजण्यात वस्तूचा अंश नाहीसा होतो, जसा जोड्याच्या टाचेचा होतो. येथे मुख्यतः घडते ते वेगळेच. पीमॉस हा ट्रान्झिस्टरचा एक प्रकार, गेटवर म्हणजे नियंत्रण करणाऱ्या टोकावर नीच पातळी आली की चालू होणारा. त्याच्या गेटवर दीर्घकाळ नीच पातळी राहिली, म्हणजेच तो ताणाखाली राहिला, की गेटखालच्या ऑक्साइडच्या थरात आणि त्याच्या सीमेवर दोष निर्माण होतात, प्रभार अडकून बसतो, ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारा उंबरठ्याचा व्होल्टेज वाढतो आणि त्याची चाल मंदावते. तापमान चढे असेल तर हे अधिक वेगाने होते. गंमत अशी की ताण हटला की हा परिणाम काही अंशी ओसरतो. झीज कधी ओसरत नाही. ओसरतो तो शीण. तरीही सगळा परिणाम जात नसल्यामुळे ‘शीण’ही पुरत नाही. मी ‘जीर्णता’ सुचवतो : तो शब्द निर्जीव वस्तूंना पूर्वीपासून लागत आला आहे.

येथे ‘विषम जीर्णता’ असे म्हटल्यास अर्थ पूर्ण होतो. क्लॉकच्या वाटेवर इन्व्हर्टरांची, म्हणजे उच्चचे नीच आणि नीचचे उच्च करणाऱ्या छोट्या परिपथांची, साखळी असते. वीज वाचवण्यासाठी क्लॉक थांबवून त्याचा संकेत नीच पातळीवर धरून ठेवला, तर साखळीतील पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा एकाआड एक इन्व्हर्टरांचेच पीमॉस ताणाखाली राहतात. पुढे क्लॉक सुरू झाला की त्याची उतरती कड याच जीर्ण पीमॉसमधून जाते आणि उशिरा पोचते, तर चढती कड ताज्या पीमॉसमधून जाते. उच्च पातळीवर धरून ठेवल्यास हाच प्रकार उलट बाजूने होतो. क्लॉक अखंड चालू राहिला असता, तर दोन्ही कडा जवळपास सारख्याच रेंगाळल्या असत्या आणि प्रमाण फारसे बिघडले नसते. थोडक्यात, दोष वयाचा नसून ते असमान होण्याचा आहे.

तिसरे उत्तर :
मग ‘दुरुस्ती’ अधिकच खटकते. जीर्ण ट्रान्झिस्टर जीर्णच राहतो. त्याचा जीर्णोद्धार कोणी करत नाही. सुधारक परिपथ काय करतो ते पाहावे : फिल्टरमधून तो क्लॉकचा सरासरी व्होल्टेज काढतो. पुरवठा १ व्होल्टचा असेल, तर ५२ टक्क्यांच्या चौकोनी लहरीची सरासरी ०.५२ व्होल्ट भरते, ती ०.५० शी ताडून परिपथ एक कड पुढे-मागे सरकवतो आणि फरक मिटेपर्यंत सरकवत राहतो. ही ‘भरपाई’ आहे. ‘सुधारणा’ चालेल, पण ती लहरीची म्हणावी, परिपथाची नव्हे.

याउलट, क्लॉक एकदा नीच आणि पुढच्या खेपेस उच्च पातळीवर थांबवून ताण दोन्ही गटांत वाटून देण्याची रीतही आहे. तिला भरपाई म्हणता येणार नाही, कारण तेथे बिघाड होण्याआधीच आवरलेला असतो. तिच्यासाठी ‘निवारण’ राखून ठेवावे. आपल्या टिपणात या दोन्ही रीती असतील, तर एकच शब्द दोहोंना लावू नये.

प्रश्नकर्ता :
दोन्ही रीती आहेत, आणि मी दोन्हींना ‘दुरुस्ती’च लिहून बसलो होतो. आता पहिले वाक्य असे केले आहे : ‘विषम जीर्णतेमुळे क्लॉकच्या ड्यूटी सायकलमध्ये आलेल्या विरूपणाची भरपाई करणारा परिपथ.’ दुसऱ्या रीतीच्या परिच्छेदाला ‘विषम जीर्णतेचे निवारण’ असे शीर्षक दिले आहे. ‘ड्यूटी सायकल’ मात्र तसेच ठेवतो. ‘कार्यचक्र’ लिहून पाहिले, पण त्यात उच्चकालाचे प्रमाण कोठेच दिसेना.