मदत हवी आहे: अल्जिनेटचे मणी एका रात्रीत विरघळतात

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे जखमेत नवी कातडी धरायला आधार देणाऱ्या हायड्रोजेलचा (पाणी धरून ठेवणारं मऊ जेल): समुद्री शेवाळातलं सोडियम अल्जिनेट आणि सोबत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतलं प्रथिन.

२ टक्के अल्जिनेट, ३ टक्के जिलेटिन, ४० अंशांवर एकजीव करून सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडतो. थेंब पडल्या पडल्या गोठतो. १० मिनिटांत भिजलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे मणी, चिमटीत दाबून सोडले की परत फुगणारे. (घरी फोटो दाखवला तर आई म्हणाली, उपासाला चालतील की! जिलेटिन कशाचं ते सांगितलं नाही.)

मग पीबीएसनं (फॉस्फेट बफर घातलेलं मिठाचं पाणी) धुवून त्यातच ३७ अंशांवर ठेवतो आणि संध्याकाळचं वडाप गाठतो. सकाळी मणी शेंबडासारखे, पाणी गढूळ. तीनदा असंच झालं. लाइट गेली असेल म्हणावं, तर इन्क्युबेटरची नोंद सरळ आहे. सीनियरच्या सांगण्यावरून कॅल्शियम १ वरून ४ टक्क्यांवर नेलं. मणी कडक झाले, सकाळी तेच. ग्लुटारल्डिहाइड (जेल पक्कं बांधणारं, पण पेशींना विषारी रसायन) घालायला मन होत नाही, पुढं यात जखम भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी २१ दिवस जगवायच्यात. जेनिपिन (तेच काम करणारं, कमी विषारी) परवडत नाही. चुकतंय कुठं?

प्रतिसाद १
कॅल्शियम कितीही वाढवा, पीबीएस ते काढून घेणारच. त्यातलं फॉस्फेट कॅल्शियमला ओढतं, रिकाम्या जागी सोडियम शिरतं, कॅल्शियमनं बांधलेलं अल्जिनेटचं जाळं सुटतं. तो गढूळपणा बहुतेक कॅल्शियम फॉस्फेटचा. फॉस्फेट नसलेलं, ट्रिस किंवा हेपीस बफरचं सलाइन घ्या, त्यात २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. अल्जिनेटमध्ये ग्युलुरॉनिक अॅसिड (साखळीतला कॅल्शियम पकडणारा घटक) किती आहे तेही बघा. जास्त असेल तर गाठ घट्ट बसते. जिलेटिनचं दुखणं मात्र वेगळं. कॅल्शियम त्याला बांधत नाही, ३७ अंशांना ते पातळ होऊन गळतं. त्याला प्रथिनं एकमेकांना जोडणारं ट्रान्सग्लुटामिनेज एन्झाइम वापरा. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत चालतं ते, जेनिपिनपेक्षा स्वस्त पडेल.

धागाकर्ता
दोन बाटल्या लावल्या होत्या. पीबीएसमधल्यांची परत लापशी. ट्रिसमधले तिसऱ्या दिवशीही शाबूत, पण वजन घटलंय, म्हणजे जिलेटिन गळतंयच. ट्रान्सग्लुटामिनेज थेंब सोडण्याआधी मिसळायचं की तयार मणी त्यात बुडवायचे? आधी मिसळलं तर सुईतच गोठेल अशी धास्ती वाटते.