'कुडो' चालवून घ्यायचा का?

कानामात्रा:
परवा एकाने मेसेज केला, 'तुला एक कुडो'. डोकंच फिरलं. अहो इंग्रजीत शाबासकी देताना म्हणतात तो 'कुडोस' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ कीर्ती, आणि तो एकवचनीच आहे, शेवटचा स त्याच्या अंगचा. इंग्रजीवाल्यांना तो अनेकवचनाचा वाटला आणि दिला छाटून. बायसेप्सचंही तेच, लॅटिनमध्ये अर्थ 'दोन डोक्यांचा', आणि जिममधली मंडळी म्हणणार उजवा बायसेप दुखतोय.

चालतंय_की:
मग 'चेरी'पण म्हणू नका. नॉर्मन फ्रेंच 'चेरीझ' एकवचनच होतं, इंग्रजांनी झ अनेकवचनाचा धरला. वाटाण्याचा 'पी'सुद्धा तसाच, आधी एक दाणा म्हणजे 'पीझ', 17व्या शतकात झ गळला. आणि सगळ्यात भारी 'ॲसेट'. जुन्या फ्रेंचमध्ये 'असेझ' म्हणजे नुसतं 'पुरेसं', मयताची देणी भागतील एवढी मालमत्ता आहे का, या कोर्टाच्या भाषेतून तो इंग्रजीत 'ॲसेट्स' म्हणून आला आणि मग त्यातून एक ॲसेट निघाला. म्हणजे 'पुरेसं'चं एकवचन!! आता सगळ्या अकाउंटंट लोकांना दुरुस्त करत बसणार का?

कानामात्रा:
चेरीच्या वेळी लोक कानाने शब्द उचलायचे, वाचता येणारे किती होते? आज शब्दकोश खिशात आहे राव. तेव्हाचं न कळणं आणि आत्ताचा आळस एकाच मापात कसे घालता?

वाटचुकार:
मला तर यात डोकं दिसतं, आळस नाही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत बऱ्याच नामांचं अनेकवचन पुढे 'मा' लावून होतं. तिथे मडगार्ड गेला, त्याचा झाला 'मादिगादी', लोकांनी 'मा' ओळखला, मग एकच असेल तर 'दिगादी'. व्याकरण पक्कं मुरलंय म्हणूनच हे सुचलं ना? याला चूक म्हणायचं जिवावर येतं.

चालतंय_की:
+१. आणि आपण कुठे धुतल्या तांदळाचे? 'आसामी' हे अरबीत 'नाव'चं अनेकवचन, आपण एका माणसाला बडी आसामी म्हणतो. 'अफवा' म्हणजे मूळ 'तोंडं', आपल्याकडे एकच अफवा सुटते. 'एक शूज सापडत नाहीये' तर रोजचंच.

कानामात्रा:
आसामीचं माहीत नव्हतं, मानलं. पण तो उलटा प्रकार झाला, अनेकवचन उचलून एकवचनात घातलं, शब्द अख्खा राहिला, कोणी त्याचं शेपूट तोडलं नाही. ॲसेट सोडला, चेरी सोडली. कुडो माझ्या हातून लिहून होणार नाही.