मदत हवी आहे : शॉटकटमध्ये क्लिप कापल्यानंतर ढोलाचे चित्र आणि आवाज जुळत नाहीत

नमस्कार. गणेशोत्सवापूर्वी नाशिकला गंगापूर रस्त्यालगतच्या मैदानावर आमच्या ढोल पथकाचा सराव चालतो; त्याच्या चित्रीकरणाचे संकलन मी शॉटकट या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करत आहे. चित्र मोबाइलवर घेतले आहे, परंतु इतक्या ढोलांपुढे मोबाइलच्या माइकवर आवाज फाटत असल्यामुळे ध्वनी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) वरच्या ट्रॅकवर, म्हणजे वरच्या ओळीत, मोबाइलची क्लिप, तिचा आवाज बंद करून, आणि खालच्या ट्रॅकवर रेकॉर्डरचा ध्वनी अशी मांडणी आहे.

पावसाळी हवेत ढोलाचे पान (कातडे) उतरले, म्हणजे सैल पडले, की वादक मध्येच थांबून दोऱ्या ओढतात. हे थांबे मला काढायचे आहेत. त्यासाठी थांब्याच्या दोन्ही टोकांना प्लेहेड (टाइमलाइनवरची चालू जागा दाखवणारी उभी रेषा) नेऊन ‘एस’ कळीने क्लिपचे तुकडे करतो आणि मधला तुकडा ‘एक्स’ने काढतो. पुढचे चित्र मागे सरकून नीट जोडले जाते, पण तिथून पुढे टिपरू (ढोल वाजवण्याची काठी) पानावर पडताना दिसते एकीकडे आणि ठोका ऐकू येतो भलत्याच वेळी. ‘झेड’ने तुकडा काढल्यास जुळणी टिकते, मात्र मध्ये मोकळी जागा राहून पडदा काळा होतो. शिवाय, जिथे एकही काप दिलेला नाही अशा लांब, अखंड वादनातही सुरुवातीला तंतोतंत जुळलेला आवाज शेवटाकडे हळूहळू सुटत जातो. दोन्ही ट्रॅक एकत्र कसे कापावेत? आणि क्लिपचे टोक ओढून ती आखूड केली, तर मूळ फाइलमधला तेवढा भाग कायमचा जातो का?

उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ती भीती निराधार आहे. टाइमलाइनवरची क्लिप म्हणजे मूळ फाइलचा कोणता भाग दाखवायचा याची केवळ नोंद असते. टोक पुन्हा बाहेर ओढले की झाकलेला भाग परत दिसतो.

तुमच्या वर्णनात दोन स्वतंत्र दोष मिसळले आहेत. कापानंतर एकदम पडणारा आणि पुढे तेवढाच राहणारा फरक हा कापण्याच्या पद्धतीमुळे येतो. ‘एस’ केवळ निवडलेल्या ट्रॅकवर चालते आणि ‘एक्स’ त्या ट्रॅकवरचे पुढचे सगळे मागे खेचते, त्यामुळे खालचा ध्वनी जागच्या जागी राहतो. ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ एकत्र दाबल्यास सर्व ट्रॅक एकाच जागी कापले जातात. त्यानंतर चित्राचा आणि ध्वनीचा असे मधले दोन्ही तुकडे निवडून ‘एक्स’ दाबावे. ध्वनीचा ट्रॅक कुलूपबंद केलेला असल्यास आधी ते कुलूप काढावे.

काप ठोक्यावर किंवा त्याच्या घुमण्यात देऊ नये, नव्या ठोक्याच्या किंचित आधी द्यावा. सेकंदाला 25 चौकटींच्या (फ्रेमच्या) प्रकल्पात एक चौकट 40 मिलिसेकंदांची असते. भाषणात दोन-तीन चौकटींचा फरक सहसा खपून जातो, पण टिपरू पडताना डोळ्यांना दिसत असल्याने ढोलात तो लगेच पकडला जातो. सांध्यावर ‘टक्’ असा आवाज आल्यास ध्वनीच्या तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यातील छोटे वर्तुळ आत ओढून एक-दोन चौकटींचा फेड (आवाजाचा हळुवार चढ-उतार) द्यावा.

हळूहळू सुटत जाणारा आवाज मात्र कितीही काळजीपूर्वक कापले तरी सुधारणार नाही. अनेक मोबाइल प्रकाशानुसार चौकटींचा वेग कमीजास्त करतात, आणि संध्याकाळच्या सरावात ते अधिक घडते; त्यामुळे चित्र रेकॉर्डरच्या ध्वनीपासून हळूहळू सुटते. क्लिपच्या गुणधर्मांत चौकटींच्या वेगापुढे ‘व्हेरिएबल’ असे लिहिलेले आहे का, ते पाहावे. असल्यास तिथूनच ‘कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली’ने फाइल रूपांतरित करावी आणि कापाकापी त्यानंतरच करावी.

प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. वेगापुढे ‘व्हेरिएबल’च लिहिलेले आहे. रूपांतरासाठी ‘गुड’, ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ असे तीन पर्याय दिसतात आणि लॅपटॉपवर जागा बेताची आहे. यांपैकी कोणता निवडावा?

उत्तर :

चित्रफीत मोबाइलवरच पाहिली जाणार असेल, तर ‘गुड’ पुरेसा आहे. ‘बेस्ट’मध्ये गुणवत्तेची काहीही हानी होत नाही, पण फाइल अतिशय मोठी होते, पथकाच्या सरावासाठी तेवढी जागा अडवण्याची गरज मला वाटत नाही. रूपांतर झाल्यावर रेकॉर्डरचा ध्वनी पहिल्या ठोक्याशी नव्याने जुळवा आणि शेवटचा ठोका तपासा. तरीही थोडा फरक उरल्यास तो मोबाइल आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांतला आहे असे समजून, प्रत्येक थांब्याच्या सांध्यावर ध्वनी एखादी चौकट मागेपुढे सरकवून घ्यावा.