नमनाचा मृदंग आणि इलेक्ट्रिक गिटार : ऑलमन ब्रदर्सना दोन ड्रमर कसे जमले?

गुहागरची_गिटार
नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा बँड आहे. दोन गिटार, बेस, ड्रम आणि मृदंगावर आमचे काका, जे वाडीच्या नमनात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, कायम वाजवतात. सध्या ऑलमन ब्रदर्स या जुन्या अमेरिकन रॉक बँडचं वेड लागलंय. त्यांच्यात दोन ड्रमर, तरी एकमेकांच्या पायात पाय येत नाही. आमच्यात एक ड्रम, एक मृदंग, तर काकांचा हात ऐकूच येत नाही. काका तक्रार करणारे नाहीत. पण नमनातल्या सुरुवातीच्या गणाला ज्यांची पहिली थाप पडली की अख्खी वाडी सरसावून बसते, त्यांनी कोपऱ्यात नुसता ठेका धरून बसावं, हे मला बघवत नाही. गाणं आपल्याकडचं वाटायला हवं आणि रॉकही हवं. काय करू?

चिपळूणकर७७
ड्रमच्या पुढे मृदंग टिकत नाही. मृदंगाचे बोल रेकॉर्ड करून इलेक्ट्रॉनिक पॅडवर घ्या, एकच माणूस दोन्ही वाजवेल.

कुडाळचो_साऊंडवालो
पॅड नको, हात जोडतो. काका समोर बसलेले असताना पॅड कशाला?

मी डबलबारी, दशावतार, ऑर्केस्ट्रा, सगळ्यांना साऊंड देतो, आणि ऑलमन ब्रदर्स ही माझी जुनी भक्ती. म्हणून सविस्तर लिहितो.

ड्वेन आणि ग्रेग हे दोघे भाऊ आधी लॉस एंजेलिसला गेले होते. तिथे कंपनीने त्यांच्याकडून गुळगुळीत पॉप गाऊन घेतलं. ड्वेन वैतागून अमेरिकेच्या दक्षिणेत परतला, अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर गिटार वाजवू लागला. 1969 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनविलला बँड जमला आणि लगेच जॉर्जियातल्या मेकनला मुक्कामाला गेला. मेकन काही महानगर नाही, पण लिटल रिचर्ड तिथला आणि ओटिस रेडिंग तिथेच वाढलेला. ओटिसचा मॅनेजर फिल वॉल्डन, त्यानेच यांना हाताशी धरलं.

आता तुझा प्रश्न. दोन ड्रमरपैकी बुच ट्रक्स सरळ, रेटून वाजवायचा, लय त्याच्या खांद्यावर. दुसरा जेमो, मिसिसिपीचा, ओटिसच्या मागे वाजवलेला, जॅझवर जीव असलेला. तो त्या लयीच्या अवतीभवती खेळायचा, मध्येच जागा सोडायचा. दोघांनी एकच काम केलं असतं तर नुसता गोंगाट झाला असता.

हे तू लहानपणापासून बघतोयस रे. भजनात झांज लय सोडत नाही, म्हणून गजर चढला की पखवाजवाला मोकळा सुटतो. तुमच्या ड्रमरला झांजेचं काम द्या. कडव्यात त्याने पायाचा ड्रम बंद ठेवावा, नुसती हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, आणि काठावरची टिचकी. पायाचा ड्रम, बेस गिटार आणि मृदंगाची डावी बाजू, तिघांचा आवाज एकाच खालच्या पट्टीत येतो. त्यातला एक गप्प बसल्याशिवाय दुसरा ऐकू यायचा नाही. गिटारचा सोलो सुरू झाला की मग ड्रम पूर्ण उघडा.

मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला रेकॉर्ड झालेला त्यांचा लाइव्ह अल्बम हेडफोन लावून ऐक. त्यातलं शेवटचं गाणं, ‘व्हिपिंग पोस्ट’, 23 मिनिटांचं आहे. त्याची सुरुवात अकरा मात्रांची, तीन-तीन-तीन-दोन अशी. काकांना ऐकव. ते दोनदा ऐकून हातावर टाळी देतील, तुमचा ड्रमर मोजत बसेल.

आणि गिटारवाल्या, दोन्ही गिटारी एकच कॉर्ड घासत असतील तर तेही थांबवा. ड्वेन आणि त्यांचा दुसरा गिटारवाला डिकी बेट्स एकच चाल वेगवेगळ्या स्वरांवरून बरोबरीने चालवायचे. ड्वेन तर सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली बोटात घालून स्लाइड वाजवायचा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी असेल तर तुझ्या घरातही अशी एखादी बाटली सापडेल. ऑक्टोबर 1971 मध्ये ड्वेन मेकनलाच मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय 24. एवढ्या कमी वर्षांत एवढं वाजवून गेलेला माणूस, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

रत्नागिरी_मीरा
दादांनी वाजवण्याचं सांगितलं, मी दिसण्याचं सांगते. त्याच जॅक्सनविलचा दुसरा बँड लिनर्ड स्किनर्ड. गाणी जबरदस्त, पण सत्तरच्या दशकात स्टेजवर मागे कॉन्फेडरेट झेंडा लावायचे, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या राज्यांचा. त्यावरून पुढे वाद होतच राहिले. ऑलमन ब्रदर्समध्ये मात्र जेमो कृष्णवर्णीय, बाकी पाचही गोरे, आणि वांशिक भेदभावाविरुद्धचा कायदा होऊन जेमतेम पाच वर्षं झालेली असताना हे जॉर्जियात एका घरात राहत होते. मला त्यांचं दक्षिणेचं असणं या घरात जास्त दिसतं. ब्लाइंड विली मॅकटेल या जॉर्जियाच्याच अंध गायकाचं जुनं गाणं त्यांनी उचललं आणि ते त्यांचं ओळखीचं गाणं झालं.

म्हणून सांगते, स्टेजवर होडी आणि जाळी टांगू नका. शब्दांत गाव येऊ द्या. डिकी बेट्सने एका रचनेला मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या थडग्यावरचं नाव दिलं, एलिझाबेथ रीड. तिथे ही पोरं जाऊन बसायची. तुमच्याकडे पालखी बसते ती सहाण आहे, बंदरावरची जेटी आहे, मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं आहेत.

गुहागरची_गिटार
मीराताई, दादा, मनापासून आभार. काल तालमीत पायाचा ड्रम बंद ठेवून बघितलं. काकांनी दुसऱ्या कडव्यात स्वतःहून तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, टाकली आणि सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले! दादा, मृदंगाला माइक एकच आहे, मधोमध धरतो. चालेल?

कुडाळचो_साऊंडवालो
नाय चालणार. दोन लाव. उजवीकडे पुडीपासून, म्हणजे कातड्यापासून, वीतभर लांब, तिरका. डावीकडे जरा जवळ, म्हणजे घुमारा पकडेल. काकांना मॉनिटर, म्हणजे स्वतःचं वाजवणं ऐकायचा स्पीकर, वेगळा दे, नाहीतर ते जोरात मारत राहतील आणि तासाभरात बोटं सुजतील. आणि तिहाई टाकली ना त्यांनी? मग गाण्याचा शेवट त्यांच्याकडेच दे.