मुंबईच्या गाडीत सबवूफर: सीटखाली की डिकीत?

कलिना_वायरिंग
ठाम मत मांडतो, पटलं नाही तर आकड्यांनिशी खोडा. मुंबईत रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत डिकीतला १२ इंची सबवूफरचा (फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) बॉक्स आणि वेगळा मोनोब्लॉक ॲम्प (एकाच चॅनेलचा ॲम्प्लिफायर) म्हणजे पैसे नको तिथे घालणं. सीटखालचा ८ इंची सब, ज्यात ॲम्प त्याच डब्यात असतो, तो पुरतो. १५० वॅट आरएमएसचा (सलग देता येणारी ताकद) क्लास डी ॲम्प (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) पूर्ण जोरात १४ अँपिअरच्या आसपास ओढतो. ८ गेजची तांब्याची तार (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड), बॅटरीपासून दीड फुटाच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, विषय संपला. ५०० वॅटचा मोनोब्लॉक त्याच हिशोबाने ४५ अँपिअर मागतो. पावसात सायनला गाडी अडकलीय, एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू, इंजिन आयडलवर. अल्टरनेटर तेव्हा मुळातच कमी देतो आणि लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तास) असते. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात ते उगीच नाही. वर कितीतरी गाड्यांच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर. बॉक्स ठेवणार कुठे?

जाड_तार
४५ हा आकडा सलग टोन वाजवला तरचा. गाण्यात सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते, बऱ्याचदा त्याहून कमी. हेडलाइट मिणमिणत असतील तर आधी तीन तारा तपासा: अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. कंपनीच्या या तारा गरजेपुरत्याच असतात आणि आपल्या हवेत त्यांच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट थर चढतो. तो घासून काढा, शेजारून ४ गेजची तांब्याची तार समांतर टाका, फरक दिसेल.

आणि ॲम्पची तार. ५ मीटर लांबीत ४५ अँपिअरला शुद्ध तांब्याच्या ८ गेज तारेत साधारण ०.४६ व्होल्ट गळतात, ४ गेजमध्ये ०.१८. बाजारात किटच्या नावाखाली मिळते ती बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, तिच्यात त्याच जाडीला गळती दीडपटीहून जास्त. मुंबईत तिचा खरा धोका टोकाला असतो. खारट दमट हवेत कापलेल्या टोकाचं ॲल्युमिनियम ऑक्साइड धरतं, स्क्रूखाली ते ढिलं पडतं, मग टर्मिनल तापून प्लास्टिक वितळतं. ओपेरा हाउसला घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडला, दुकानातच तारेतला एक बारीक धागा सोडवून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं की तार परत काउंटरवर.

आता सीटखालचं. ही गाडीतली सगळ्यात वाईट जागा आहे. मिलन सबवे किंवा हिंदमाता तुंबलं आणि पाणी दारातून आत आलं की पहिलं तिथेच. पाऊस नसतानाही एसीची ड्रेन नळी चोंदली की पाणी डावीकडच्या कार्पेटखाली उतरतं. वरून कार्पेट कोरडं लागतं, खालचा फोम निथळत असतो आणि त्यावर तुमचा ॲम्प बसलेला.

कलिना_वायरिंग
ड्रेन नळी चोंदते हे खरं. म्हणूनच सब ड्रायव्हरच्या सीटखाली, १ इंच उंच ब्रॅकेटवर. त्याआधी सीट पूर्ण मागेपुढे आणि खालीवर सरकवून बघायची, रेल तारेवर आली की इन्सुलेशन सोललंच समजा. हुक-लूपच्या पट्टीवर ठेवू नये, निसटला तर थेट पेडलकडे येतो. आवाजाचं म्हणाल तर बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला आहे. चांगला ८ इंची तिथपर्यंत पोचतो. त्याखाली ऐकायला काय उरतं?

जाड_तार
उरतं, आणि भरपूर उरतं. आजच्या कितीतरी गाण्यांत सिंथचा बेस ३५ च्याही खाली जातो. ८ इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंटिमीटर, १२ इंचीचं ४८०. तेवढाच आवाज काढायला लहान कोनला सव्वादोन पट जास्त हलावं लागतं. फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की चौपट. म्हणून तो ४० च्या आसपास दम टाकतो आणि लोक बेस बूस्टचं बटण पिळत बसतात. सील्ड (हवाबंद) बॉक्सचा आवाज खालच्या पट्ट्यात हळूहळू उतरतो आणि लहान गाडीची केबिन नेमकी त्याच पट्ट्यात आवाज उचलून धरते. १२ इंचीला २८ लिटरच्या आसपासचा सील्ड बॉक्स खूप झाला, डिकीचा एक कोपरा.

प्लायवाला
बॉक्स एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) नको एवढंच सांगतो. स्वस्त एमडीएफ दोन पावसाळ्यांत कडेने फुगतो, सांधा सुटतो आणि सील्ड बॉक्समधून फुसफुस येते. १८ मिमीची बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारी) प्लाय घ्या, आतून सांध्यांना सिलिकॉन. आणि ॲम्प स्टेपनीच्या खड्ड्यात कधीच नाही, डिकीचं रबर जरा गळलं की पाणी तिथेच साठतं. मागच्या सीटच्या पाठीला प्लायचा तुकडा लावून त्यावर बसवा.

शून्य_डीबी
दोन्ही बाजू इंचांवर भांडताय, पण दोन्ही सब मरतात ते गेन चुकीचा लावल्यामुळे. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, ॲम्पची संवेदनशीलता स्टेरिओच्या सिग्नलशी जुळवायचा नॉब आहे. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, सबच्या तारा ॲम्पवरून काढा. स्टेरिओ ७५ टक्क्यांवर, ५० हर्ट्झचा ० डीबी (पूर्ण पातळीचा) टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ३०० वॅट ४ ओहमला ३४.६ व्होल्ट, ५०० वॅट २ ओहमला ३१.६. तिथे आलं की थांबा. लो-पास (फक्त त्याखालचा आवाज सबला जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, दारातल्या स्पीकरना हाय-पासही (फक्त त्यावरचा आवाज जाऊ देणारा) तिथेच.

जाड_तार
इथे माझा विरोध. मल्टिमीटर व्होल्ट दाखवतो, लहरीचं डोकं कापलं गेलंय का ते दाखवत नाही. स्टेरिओच ७५ टक्क्यांवर क्लिप करत (लहरीचं टोक कापत) असेल तर तुमचे ३४.६ व्होल्ट कापलेले आहेत आणि कॉइल त्यानेच जळते. कंपनीच्या टचस्क्रीनला आरसीए (ॲम्पला सिग्नल देणारं वेगळं सॉकेट) नसतं, स्पीकरच्या तारेवरून सिग्नल घ्यावा लागतो, आणि काही युनिट आवाज वाढवला की बेस स्वतःहून कापतात. आधी स्टेरिओचं आउटपुट ऑसिलोस्कोपवर (लहरीचा आकार दाखवणारं यंत्र) बघा, मग ॲम्पला हात लावा. साधा हातातला स्कोप चालतो.

शून्य_डीबी
स्कोप असेल तर उत्तमच. नसेल त्याने काय अंदाजाने पिळायचं? मल्टिमीटरने निदान कमाल मर्यादा ओलांडली जात नाही. संशय असेल तर स्टेरिओ ६५ वर ठेवून मोजा.

दहिसर_हॅचबॅक
दुकानदार १ फॅरडचा कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) घ्यायला सांगतोय, हेडलाइट मिणमिणणार नाहीत म्हणे. घेऊ का?

जाड_तार
नको. १३.८ वरून १२.८ व्होल्टपर्यंत उतरताना तो जेमतेम १३ ज्यूल देतो. ६०० वॅट ओढणारा ॲम्प ते ०.०२ सेकंदात संपवतो. तेच पैसे त्या तीन तारांवर घाला.

कलिना_वायरिंग
कपॅसिटरबाबत एकदम सहमत. पण सिलिंडरचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) सिलिंडर उतरवावं लागतं, तेव्हा बॉक्स आणि वायरिंग पुन्हा कोण बसवणार?

प्लायवाला
बॉक्सला दोन विंग नट आणि तारेला मध्ये प्लग, पाच मिनिटांत बाहेर. मात्र ॲम्पची अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडायची निगेटिव्ह तार) सिलिंडरच्या ब्रॅकेटच्या बोल्टवर घेऊ नका, सोपी जागा दिसते म्हणून खूप जण घेतात. वेगळी जागा निवडा, खाली पेट्रोलची टाकी किंवा नळी नाही ना बघा, रंग चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून लग कसा आणि वरून रंग मारा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज. तार दीड फुटाच्या आत. मग जोरात गाणं लावून ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत डीसी व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर गेलं तर जागा बदला.