अनुभव धागा: तुमच्या घरातले सफरमैना

निवांत परळकर
परवा आईला डोळे दाखवायला नेत होतो. प्रभादेवीला उतरून परळच्या बाजूला जायला पूल चढलो तर ती मधेच थांबली. वाटलं दम लागला. बघतो तर बाई पॅनेलच्या जोडावरची पिन चाचपतायत. "ही बघ. तुझे बाबा म्हणायचे, अख्खा पूल ह्या पिनांच्या जिवावर." मागून गर्दी, "ओ मावशी, चला ना पुढे."

२०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने बांधलेला हा बेली पूल, म्हणजे सुटी लोखंडी पॅनेल पिनांनी जोडून उभा करायचा पूल, फेब्रुवारी २०१८ ला सुरू झाला. बाबा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या पूल बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या इंजिनिअर पलटणीचे, जुन्या भाषेत सफरमैना. ९४ ला सुभेदार म्हणून घरी आले, २०१६ ला गेले. हा पूल त्यांनी पाहिलाच नाही. पाहिला असता तर आम्हाला भर गर्दीत पॅनेल मोजायला लावले असते. दहा फुटी पॅनेल, अडीचशे किलोच्या वर वजन, सहा गडी उचलणार, क्रेन नको.

लहानपणी विचारलं होतं, पलीकडे कोणीच नसेल तर पूल पलीकडे पोचतो कसा? त्यांनी ओट्यावर आईचं लाटणं आडवं ठेवलं, त्यावर लाकडी फूटपट्टी, मागच्या टोकाला अडकित्ता. आणि हळूहळू ढकलत नेली टेबलाकडे. "मागे जड, पुढचं नाक हलकं, मग नाक पाण्यात जात नाही." तिकडे तव्यावर पोळी करपली. त्यावर आई जे बोलली ते इथे लिहीत नाही.

तुमच्याकडे असे कोणी असतील तर लिहा.

खडकीबाजार
सफरमैना!! आजीचा शब्द. मी कितीतरी वर्षं मैना म्हणजे पक्षीच समजत होते. सॅपर्स अँड मायनर्सचं ते झालंय हे कॉलेजात कळलं.

कंदीपेढा
आमच्या आजोबांकडे राणेसाहेबांची गोष्ट झाल्याशिवाय जेवण संपायचं नाही. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स. एप्रिल १९४८, काश्मीरची लढाई, नौशेरा-राजौरी रस्ता. ८ ते ११ तारखेपर्यंत सुरुंग काढ, आडवी टाकलेली झाडं उडव, रणगाड्यांना वाट करून दे. "आणि परमवीर चक्र घ्यायला माणूस जिता!" इथे आजोबा ताटाजवळ मूठ आपटणार. आमटी सांडणार. आजी फडकं घेऊन तयारच.

घाईत_आहे
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. पप्पा कुंडीत मेथी पेरायच्या आधी माती उकरायचे नाहीत, विणायची सुई तिरकी खुपसत जायचे. सरळ नाही, तिरकीच. का तर सुरुंग वरून दाबला की फुटतो, बाजूने टोक लागलं तर कळतं आणि हात शाबूत राहतो. कुंडीत सुरुंग कुठून येणार पप्पा? "सवय." गच्चीवरच्या अकरा कुंड्या अशा तपासल्या. एकदा माझं हरवलेलं कानातलं सापडलं, तेव्हापासून आईने बोलणं बंद केलं.

निवांत परळकर
@घाईत_आहे विणायची सुई 😂 कुकर बघा

उंबरठा
सगळ्यांचं छान चाललंय, मी थोडं वेगळं लिहितो. वडील फील्डला, आम्ही गावी. पत्ता म्हणजे नुसतं ५६ एपीओ (लष्कराचं पोस्ट ऑफिस), माणूस कुठे आहे आईलाही माहीत नसायचं. सुट्टीवर आले की मी आणि धाकटी माजघरात लपायचो, कोण हा मिशीवाला. रिटायर झाले तेव्हा मी बारावीत. मग रोज पहाटे पाचला दिवे लावून उठवायचे. दोन वर्षं आमचं धड बोलणं नव्हतं. पुढे घराचं बांधकाम काढलं तेव्हा त्यांनी मला ओळंबा धरायला शिकवला. मधे बोलावं लागतच नाही त्यात, दोरा स्थिर होईपर्यंत दोघांनी गप्प उभं राहायचं. तेवढंच आहे माझ्याकडे.

खडकीबाजार
@उंबरठा 🙏 माझ्या भावाचं डिट्टो. तो अजून पाचला उठतो आणि बाबांनाच शिव्या घालतो.

पेन्शनर_कन्या
विषयांतर होतंय, पण फॅमिली पेन्शनचं कोणाला माहीत आहे का? पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आईचं नाव एका अक्षराने चुकलंय. तीन खेपा झाल्या, दर वेळी नवा कागद मागतात. बाबांनी सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या ट्रंकेत नंबर घालून ठेवली होती म्हणून निभावतंय. ट्रंकेच्या झाकणावर आतून यादी चिकटवलेली. शेवटची ओळ: "किल्ली हरवल्यास कुलूप तोडू नये, बिजागरीच्या पिना काढाव्यात."

कंदीपेढा
@पेन्शनर_कन्या व्यनि (खाजगी निरोप) करतो, आजीचं असंच झालं होतं. प्रतिज्ञापत्र आणि आधारची प्रत सोबत ठेवा. आणि ती बिजागरीची ओळ भारी आहे राव.

घाईत_आहे
कुकर करपला. परळकर, हे पाप तुमच्या माथी.

निवांत परळकर
आईला सगळं वाचून दाखवतोय. ती म्हणते फूटपट्टी नव्हतीच, तिचं उलथणं होतं. आणि अडकित्ता आजवर परत मिळालेला नाही.

खडकीबाजार
उलथणं काय, पूल तर पूल. त्या डोळ्यांचं काय झालं?

निवांत परळकर
मोतीबिंदू. पुढच्या आठवड्यात परत त्याच पुलावरून.